दहा हजार तालांत म्हणजे नेमके किती? बायबलमधली जुनी नावं, शब्द आणि मापं

नाताळची किंवा गुड फ्रायडेची उपासना असो, ख्रिस्ती मित्राच्या घरचं लग्न असो की अंत्यविधी, बायबलमधलं वाचन ऐकताना मराठी माणूस हमखास कुठेतरी अडखळतो. भाषा तर मराठीच असते. पण मध्येच 'दोन टोल्या म्हणजे एक दमडी' येतं, येशूला देहदंड देणारा पिलात 'सुभेदार' असतो, अंधार 'सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत' पडतो आणि शाळेपासून ओळखीचे असलेले जॉन, जेम्स, सॉलोमन इथे योहान, याकोब, शलमोन होऊन भेटतात. बहुतेक वाचक असे शब्द सोडून पुढे जातात. तिथेच कथा हातातून निसटते, कारण बायबलमधल्या कितीतरी दाखल्यांचा, म्हणजे बोधकथांचा, सगळा भार एखाद्या नाण्यावर, मापावर किंवा नावावर असतो.

हे शब्द एका जातीचे नाहीत. काही मुळातली नावं आहेत. काही शब्द अस्सल मराठी आहेत, पण गेल्या दोनशे वर्षांत त्यांचा अर्थ सरकला आहे. काही मात्र त्या काळाची मापं आहेत, आणि ती आज कुणीच वापरत नाही. प्रत्येकाची उकल वेगळ्या वाटेने करावी लागते.

जॉनचा योहान झाला की योहानचा जॉन?

'मराठी बायबलात नावं बदलली आहेत' ही तक्रार नेहमी ऐकू येते. खरं तर उलट आहे. जुना करार म्हणजे येशूच्या आधीचा भाग. तो जवळजवळ सगळा हिब्रू भाषेत आहे. नवा करार ग्रीकमध्ये आहे. हिब्रूत नाव होतं योहानान, अर्थ 'परमेश्वर कृपाळू आहे'. ग्रीकमध्ये ते योआनेस झालं, लॅटिनमध्ये योहानेस आणि पुढे इंग्रजांकडे घासत घासत जॉन. मराठी भाषांतरकारांनी इंग्रजीचा वळसा न घेता मुळाच्या जवळचं रूप धरलं. पोर्तुगीजांकडे याच नावाचं जुआंव झालं. म्हणून गोव्यात 24 जूनला विहिरीत उड्या मारून साजरा होणारा सांजाव हा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्याच जन्माचा सण आहे. येशूची आई मरीया हिचा आवाज ऐकताच योहानाची आई अलीशिबा हिच्या पोटातल्या बाळाने उसळी मारली, असं लूककृत शुभवर्तमानाच्या (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकाच्या) पहिल्या अध्यायात आहे. विहिरीतली उडी त्या उसळीची आठवण मानली जाते.

याकोबच्या बाबतीत मराठी वाचक इंग्रजी वाचकापेक्षा नशीबवान आहे. इसहाकाचा मुलगा याकोब आणि येशूचा शिष्य याकोब यांचं नाव मुळात एकच. इंग्रजीत पहिला जेकब झाला आणि दुसरा जेम्स, त्यामुळे नातंच तुटलं. मराठीने ते जपलं. तीच गोष्ट यहूदाची. याकोबाचा चौथा मुलगा, त्याच्या नावाचा वंश, येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत आणि छोटं पत्र लिहिणारा यहूदा, सगळ्यांचं नाव मराठीत एकच राहतं. गोंधळ होतो हे खरं. पण त्या काळात हे नाव गल्लोगल्ली होतं, ही वस्तुस्थितीही त्यातूनच कळते.

मराठीतही सगळीकडे हे जमलेलं नाही. मोशेची बहीण मिर्याम आणि येशूची आई मरीया यांचं नाव मुळात एकच आहे. यहोशवा आणि येशू हीसुद्धा एकाच नावाची दोन रूपं आहेत. हिब्रू येहोशुआ, त्याचं आखूड रूप येशुआ, त्याचं ग्रीक येसूस. मुलाचं नाव येशू ठेवायला सांगताना देवदूत कारण देतो, 'तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील'. हे 'कारण' नावाच्या अर्थातच आहे, 'परमेश्वर तारतो'. हे माहीत नसेल तर ते वाक्य अधांतरी वाटतं.

एकाच माणसाला दोन-तीन नावं का? कागदोपत्री दत्तात्रय, घरात दत्तू आणि गावात अण्णा, हे आपल्याला नवं नाही. येशूचा शिष्य पेत्र घ्या. शिमोन हे त्याचं हिब्रू वळणाचं नाव, केफा हे अरामी भाषेतलं टोपणनाव आणि पेत्र हा त्याचा ग्रीक तर्जुमा. केफा आणि पेत्र दोन्हींचा अर्थ खडक. प्रेषित पौलाच्या शौल आणि पौल या दोन नावांबद्दल एक गैरसमज मात्र घट्ट बसला आहे. धर्मांतरानंतर शौलाने नाव बदलून पौल केलं, असं सांगतात. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवरचा त्याच्या धर्मांतराचा प्रसंग नवव्या अध्यायात आहे आणि त्यानंतरही तो शौलच म्हणवतो. तेराव्या अध्यायात 'शौल, ज्याला पौलही म्हणत' एवढंच येतं. यहुदी लोकांत एक नाव, रोमी जगात दुसरं, असा तो प्रकार होता.

नावांतले तुकडे ओळखले की अर्धं काम होतं

अरामीत 'बार' म्हणजे मुलगा. बार्तीमय म्हणजे तीमयाचा मुलगा, आणि शुभवर्तमान लिहिणारा मार्क तिथल्या तिथे हे सांगूनही टाकतो. बर्थलमय, बर्णबा, बरब्बा यांतही तोच 'बार' आहे. 'बेथ' म्हणजे घर. बेथेल हे देवाचं घर, बेथलेहेम हे भाकरीचं घर. शेवटी 'एल' असेल तर त्यात देव आहे, जसं दानीएल, गब्रीएल, शमुवेल. शेवटी 'या' असेल तर बहुतेक वेळा परमेश्वराच्या हिब्रू नावाचा तुकडा आहे, जसं यशया, यिर्मया, जखऱ्या. हालेलूयातला शेवटचा 'या' तोच, 'याहची स्तुती करा'.

ही नावं महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्माबरोबरच आली असंही नाही. कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांनी ती आधीपासून आपलीशी केली होती. मुंबईत 1796 मध्ये पहिलं सिनेगॉग (यहुद्यांचं प्रार्थनामंदिर) बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे समाजी हसाजी दिवेकर म्हणूनही ओळखले जात. शमुवेलाचा समाजी झाला, यहेज्केलाचा हसाजी.

'कर' तर आपला घरचाच प्रत्यय. नासरेथकर, करिंथकर, इफिसकर ही रूपं पुणेकर-सातारकरांच्या चालीवर बनली आहेत, आणि भाषांतरकारांची ही निवड मला फार नेमकी वाटते. पौलाची पत्रं कुठल्या अमूर्त मंडळीला नव्हती, एका गावच्या लोकांना होती, हे 'करिंथकरांस' म्हटल्याबरोबर कळतं.

पुस्तकांच्या नावांपैकी एकच खरोखर चकवतं, 'अनुवाद'. इथे त्याचा भाषांतराशी संबंध नाही. मागे सांगितलेलं पुन्हा सांगणं, हा त्या शब्दाचा जुना संस्कृत अर्थ आहे. मोशे मरणापूर्वी नियमशास्त्र पुन्हा सांगतो, म्हणून हे नाव.

शब्द मराठी, पण अर्थ सरकलेला

सगळ्यात धोक्याचे शब्द हेच, कारण ते अडवत नाहीत. वाचकाला वाटतं, कळलं.

नव्या कराराचं मराठी भाषांतर बंगालमधल्या श्रीरामपूरच्या (सेरामपूरच्या) छापखान्यातून 1811 मध्ये आणि मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांकडून 1826 मध्ये बाहेर पडलं. पेशवाई 1818 मध्ये संपलेली, त्यामुळे राज्यकारभाराचे शब्द लोकांच्या तोंडी ताजे होते. प्रांताच्या रोमी अधिकाऱ्याला 'सुभेदार' आणि रोमच्या अंकित राजाला 'मांडलिक' हे शब्द तेव्हाच्या वाचकाला चपखल बसले. आज सुभेदार म्हटलं की सैन्यातला हुद्दा आठवतो. पिलात त्याहून फार मोठा अधिकारी होता. यहूदिया प्रांत त्याच्या हाती होता आणि देहदंड देण्याचा अधिकारही. कैसरिया इथे 1961 मध्ये सापडलेल्या दगडी लेखात त्याचा हुद्दा 'प्रिफेक्ट' असा आहे. शताधिपती मात्र सैन्यातलाच. नाव शंभरांचं, प्रत्यक्षात त्याच्या हाताखाली साधारण ऐंशी शिपाई असत.

जकातदारांची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. मुंबईत जकात 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर बंद झाली, त्यामुळे नाक्यावर थांबलेल्या ट्रकांच्या रांगा आजच्या तरुणांनी फारशा पाहिलेल्या नाहीत. पण बायबलमधला जकातदार पगारी कारकून नव्हता. जकात गोळा करण्याचा मक्ता दिला जाई. मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारला देई आणि त्यावर जे काढता येईल ते स्वतःचं. परक्या सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून वसुली आणि वर मनमानी, म्हणून 'जकातदार आणि पापी' ही जोडी एका दमात येते. यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय म्हणतो, कुणाचं काही अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करीन. मक्त्याची पद्धत कळली की 'अन्यायाने' या शब्दाचा रोख कळतो.

'तारण' हा बँकेच्या पाटीवरचा शब्द झाला आहे, सोने तारण कर्ज. बायबलमध्ये तो 'तारणे' या क्रियापदाचा आहे, बुडणाऱ्याला वाचवणं. 'खंडणी' याहून अवघड. येशू आपला जीव 'खंडणी म्हणून' देण्यास आला, हे वाक्य आजच्या वर्तमानपत्राच्या सवयीने वाचलं तर भलताच अर्थ होतो. मूळ ग्रीक शब्द लुत्रोन. गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवण्यासाठी भरलेली रक्कम असा त्याचा अर्थ. त्या वाक्यात भर धमकीवर नाही, सुटकेवर आहे. 'कोनशिला' म्हणजेही मंत्र्यांच्या हस्ते बसवलेली नावाची पाटी नव्हे. दोन भिंती जिथे मिळतात तिथला, दोन्हींना धरणारा दगड.

'वल्हांडण' हा शब्द मात्र ज्याने शोधला त्याला दाद द्यावी. वल्हांडणे हे ओलांडणे या क्रियापदाचं जुनं रूप. मिसर देशात (इजिप्तमध्ये) इस्राएली लोकांच्या दारांवर रक्ताची खूण पाहून परमेश्वराने ती घरं ओलांडली, त्या रात्रीच्या आठवणीचा हा सण. मूळ हिब्रू पेसाहचा अर्थ असा थेट आपल्या भाषेत उतरला आहे.

पैशाचा हिशेब: मजुरीने मोजा, रुपयांनी नाही

नव्या करारातल्या सगळ्या रकमांची किल्ली एका दाखल्यात आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी मजुरांशी एका दिनाराची बोली करतो. दिनार हे रोमी चांदीचं नाणं, म्हणजे एका दिवसाची मजुरी. तालांत हे नाणं नव्हतं, वजनावर बेतलेली मोठी रक्कम होती. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर वीस वर्षांची मजुरी.

आता मत्तयच्या अठराव्या अध्यायातला निर्दय चाकर पाहा, राजाने कर्ज माफ केल्यावरही स्वतःच्या सोबत्याला न सोडणारा. त्याच्यावर राजाचं कर्ज दहा हजार तालांत. त्याचं सोबत्याकडून येणं शंभर दिनार. नुसते आकडे वाचले तर दहा हजार आणि शंभर, म्हणजे शंभर पटीचा फरक वाटतो. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिनार. फरक सहा लाख पटींचा आहे. समजा आज मजुरी दिवसाला 500 रुपये धरली, तर सोबत्याचं देणं पन्नास हजार रुपये आणि चाकराचं तीन हजार कोटी. 'मला वागवून घ्या, मी सगळं फेडीन' हे त्याचं बोलणं दोन लाख वर्षांच्या मजुरीबद्दल आहे. इतिहासकार योसेफसने तेव्हाच्या मांडलिक हेरोद अंतिपाच्या गालील आणि पेरिया या मुलखाचं वर्षाचं उत्पन्न दोनशे तालांत दिलं आहे. म्हणजे अख्ख्या मुलखाचा पन्नास वर्षांचा महसूल एका माणसाच्या नावावर. ऐकणाऱ्या गालीलकरांना कर्ज फिटण्यापलीकडचं आहे हे पहिल्याच वाक्याला कळलं असणार. आजच्या वाचकाला हिशेब करावा लागतो, आणि तो न करता हा दाखला वाचूच नये असं मला वाटतं.

दुसरा दाखला, धन्याने चाकरांना पाच, दोन आणि एक तालांत देण्याचा. शेवटच्याला 'फक्त एकच' मिळाला म्हणून त्याची कीव केली जाते. पण त्याच हिशेबाने तो एक तालांत तीस लाखांचा आहे. त्याने जमिनीत पुरलं ते किरकोळ काही नव्हतं.

उलट्या टोकाला गरीब विधवेने मंदिरात दान केलेल्या दोन टोल्या. टोली म्हणजे लेप्टन हे सर्वांत छोटं नाणं. एका दिनाराचे 128 लेप्टन होत. दोन टोल्या म्हणजे आजचे सात-आठ रुपये. इथे जुन्या मराठी भाषांतराची एक उणीव सांगायला हवी. विधवेची 'दमडी' आणि चिमण्यांच्या किमतीतली 'दमडी' ही मुळात दोन वेगळी नाणी आहेत. चिमण्यांचं नाणं चौपट मोठं, दिनाराचा सोळावा भाग. मत्तयमध्ये एका नाण्याला दोन चिमण्या आहेत, लूकमध्ये दोन नाण्यांना पाच. दोन नाण्यांच्या चार व्हायला हव्यात, म्हणजे पाचवी चिमणी फुकट. 'त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही' हे वाक्य त्या फुकटच्या पाचव्या चिमणीलाही धरून आहे.

येशूच्या मस्तकावर ओतलेलं सुगंधी तेल तीनशे दिनारांहून अधिक किमतीचं, म्हणजे वर्षभराच्या मजुरीचं. इतकं महाग का? ते जटामांसीचं होतं आणि जटामांसी हिमालयात उगवते. तिथून भूमध्य समुद्रापर्यंतची वाहतूक त्या किमतीत आहे.

हात, मण आणि माप

जुन्या करारातलं 'हात' हे माप कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं, साधारण 45 सेंटिमीटर. हे अंदाजाने ठरवलेलं नाही. यरुशलेमात हिज्कीया राजाच्या काळी खडकातून खोदलेला पाण्याचा बोगदा आजही आहे. त्यातल्या हिब्रू लेखात पाणी 1200 हात वाहिलं असं कोरलं आहे आणि बोगद्याची लांबी 533 मीटर भरते. भागाकार केला की एक हात 44.4 सेंटिमीटर येतो. नोहाचं तारू 300 हात लांब, म्हणजे सुमारे 135 मीटर. यहेज्केलाच्या पुस्तकात मात्र हात आणखी चार बोटं मोठा धरला आहे आणि तिथे तसं स्पष्ट सांगितलं आहे.

काना गावच्या ज्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, तिथले सहा दगडी रांजण प्रत्येकी 'दोन-दोन, तीन-तीन मण' पाण्याचे. मूळ ग्रीक माप सुमारे 39 लिटरचं आणि इंग्रजी अमदानीतला मण 37 किलोंचा, त्यामुळे हा शब्द आश्चर्य वाटावं इतका बरोबर आहे. सहा रांजण मिळून 470 ते 700 लिटर. रांजण दगडाचे का, यालाही कारण आहे. नियमशास्त्राप्रमाणे मातीचं भांडं विटाळलं की फोडावं लागे, दगडाच्या भांड्याला विटाळ लागत नाही असं मानत.

खमिराच्या दाखल्यात बाई 'तीन मापे' पीठ भिजवते. ते वीस किलोंच्या आसपास जातं, एका घरचं नव्हे, गावजेवणाचं.

तास आणि प्रहर

दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत बारा तासांत वाटलेला होता. तिसरा तास म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास, सहावा दुपारी बारा, नववा दुपारी तीन. द्राक्षमळ्यात 'अकराव्या तासाला' आलेला मजूर संध्याकाळी पाचला आला आणि तासभरच राबला. हा तास घड्याळाचा नव्हता. यरुशलेमात हिवाळ्यात तो पन्नास मिनिटांचा होई आणि उन्हाळ्यात सत्तरचा. रात्रीचे चार प्रहर रोमी पद्धतीचे, प्रत्येकी तीन तासांचे. आपला प्रहरही तीन तासांचाच, त्यामुळे इथे काही बदलावं लागत नाही. येशू पाण्यावरून चालत आला तो चौथा प्रहर म्हणजे पहाटे तीन ते सहा.

मग सगळं आजच्या भाषेतच का लिहीत नाहीत?

लिहितात. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची अखेरची वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत भाषांतर करण्यातच घालवली, गावातल्या बायकांना कळावं म्हणून. आजही सोप्या मराठीतल्या आवृत्त्या मिळतात आणि पहिल्यांदा वाचणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.

पण प्रत्येक सोपेपणाची मुदत असते. काही जुन्या मराठी आवृत्त्यांत दिनाराचा 'रुपया' केला आहे. तेव्हा रोजची मजुरी एक रुपया, हे भरघोस वाटत असेल. आज धनी मजुराला दिवसाचा एक रुपया देतो हे वाचून वाचक धन्यालाच दोष देईल. 'एका दिवसाची मजुरी' ही टीप कधी शिळी होत नाही. म्हणून मूळ नाणं तसंच ठेवून तळाशी टीप देणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. बहुतेक छापील बायबलच्या शेवटी वजन-मापांचं कोष्टक असतं. अनोळखी आकडा आला की आधी ते उघडावं, मग तोच उतारा दुसऱ्या एका भाषांतरात पाहावा. दोन्हीकडे शब्द वेगळे असतील तर मुळात माप किंवा नाणं आहे असं समजावं.

हे आकडे कितपत पक्के?

वजनं-मापं प्रांतागणिक बदलत. दहा-वीस टक्क्यांचा फरक धरूनच चालावं. दाखल्यांचा अर्थ त्याने बिघडत नाही, कारण तिथला फरक लाखो पटींचा असतो.

काही ठिकाणी मात्र मूळ हस्तलिखितांतच आकडे वेगळे आहेत. दावीदाने गोफणीने मारलेला धिप्पाड योद्धा गल्याथ याची उंची नेहमीच्या हिब्रू पाठात सहा हात एक वीत आहे, म्हणजे जवळपास 2.9 मीटर. जुन्या ग्रीक भाषांतरात आणि मृत समुद्राकाठच्या गुहांत सापडलेल्या शमुवेलाच्या एका गुंडाळीत ती चार हात एक वीत आहे, म्हणजे दोन मीटरच्या थोडी वर. अनेक अभ्यासक दुसरा पाठ जुना मानतात. त्याचं चिलखत मात्र हिब्रू पाठात पाच हजार शेकेलचं आहे. शेकेल साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सत्तावन्न किलो कांसं अंगावर. दोन मीटरच्या माणसालाही ते पेलणं सोपं नव्हतं, आणि इस्राएलचा राजा शौल (हा पौलाच्या फार आधीचा, वेगळा) याने आपलं चिलखत घालायला दिलं तेव्हा दावीदाने चालून पाहिलं, सवय नाही म्हणाला आणि उतरवून ठेवलं.